यासुनो आजींचा डाव

"मी त्या म्हातारीला मारलेलं नाही. एवढंच मला सिद्ध करून हवंय."

इतकं बोलून त्या तरुणाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि क्षणभराने, ती तिथे बरी दिसत नाही असं वाटून की काय, पुन्हा डोक्यावर चढवली.

नाएमुरा रित्सु यांच्या हिकोनेमधल्या कचेरीत अशी माणसं सहसा येत नसत. तिथे यायचे ते उपवर मुलींचे बाप. मुलगा दारू पितो का, घरात कुणाला क्षय होऊन गेलाय का, आधीचं एखादं लफडं आहे का, असल्या चौकश्यांत रित्सुबाईंचा हातखंडा होता. पन्नाशी उलटलेली, नवरा लढाईत गेलेला, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांच्यासमोर बसलं की माणूस नको तेवढं बोलून जाई.

कोपऱ्यात तोगाशी चहा करत होता. त्याने सगळी उमर बस चालवण्यात घालवली होती. निवृत्त झाला त्याच वर्षी बायको वारली आणि रिकाम्या घरात भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून तो रित्सुबाईंची गाडी हाकू लागला. चौकशीच्या कामात आपलं डोकं फारसं चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. दोघांनी तो विषय कधी काढला नव्हता.

"नाव सांगा," रित्सुबाई म्हणाल्या.

"शीना. तागाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे शिकवत होतो. हेडमास्तर म्हणाले, थोडे दिवस घरीच बसा."

"आणि म्हातारी?"

"ओगुरा यासुनो. त्या खाली एकट्या राहायच्या, मी माडीवर भाड्याने. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्या स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. चुलीच्या दगडी कडेवर डोकं आपटलं होतं. शेजारच्या टोमे-सान रोजच्यासारख्या तोफू द्यायला गेल्या, त्यांनी आरडाओरडा केला. दुपारपर्यंत धुगधुगी होती. तेवढ्या वेळात आजी एकच शब्द बोलल्या. दोनदा. ओतामाजाकुशी."

तोगाशीला हसू फुटलं. "डाव? सूप वाढायचा डाव?"

"डावही. आणि बेडकाचं पिल्लूही. आकारावरून पडलेलं नाव ते, गोल डोकं आणि वाकडी शेपटी. स्वयंपाकघरात डाव, भातखाचरात बेडकाचं पिल्लू, गाण्याच्या तासाला फळ्यावरच्या सुरांच्या खुणा. पोरं कशालाही ओतामाजाकुशी म्हणतात. पण तागात सध्या त्या शब्दाचा एकच अर्थ आहे." त्याने टोपी पुन्हा काढली. "माझ्या खोलीत पिल्लांच्या बरण्या आहेत. मुलं मला ओतामाजाकुशी सर म्हणतात."

तोगाशीचं हसू विरलं. त्याने चहा पुढे ठेवला.

"त्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

"उजाडताच खाचरांवर गेलो. पिल्लं धरायला. कुणी पाहिलं नाही."

"आदल्या संध्याकाळी?"

"माडीवर पेपर तपासत होतो. खालून बोलण्याचा आवाज यायचा, पण आजी स्वतःशीच बोलायच्या नेहमी. एकदा पायपेटी वाजल्यासारखी वाटली. टोमे-सानचा रेडिओ असणार."

"आजींशी तुमचं कसं होतं?"

"बरं होतं. जिन्यात गाठून चिडवायच्या. 'मास्तर, तुमची बेडकाची पोरं जेवली का? या घरात पोरं म्हणून तेवढीच.' रोज तेच. मी हो-हो करून सटकायचो." तो थांबला. "दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं मला?"

रित्सुबाईंनी त्याला चहा पिऊ दिला. मग विचारलं, "घरातून काही गेलंय?"

"चुलीवर टांगलेला मोठा डाव. जुना, धुराने काळा पडलेला. पोलिसांचं म्हणणं, मी त्यानेच मारलं आणि खाचरात फेकून दिला."

*

तागाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओगुरांचं दुकान होतं. दारावर लाकडी डावांच्या माळा लटकत होत्या, हाताएवढ्यापासून पुरुषभर उंचीच्या डावापर्यंत. देवळाला आलेलं माणूस आयुष्य वाढावं म्हणून एक तरी डाव घरी नेतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आजींचा मुलगा सेइजी, पंचेचाळिशीचा, खांदे पडलेला, फडक्याने डाव पुसत बसला होता. पुसलेलेच पुन्हा पुसत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून तोगाशीने एक उचलला. "हा ओतामाजाकुशी केवढ्याला?"

सेइजीने मान वर केली. "आई असती तर हाकललं असतं तुम्हाला."

"का बुवा?"

"ओतामा नाही. ओतागा. तागाच्या देवाचा डाव, म्हणून ओतागा-जाकुशी. फार जुन्या काळी राणी आजारी पडली, अन्न जाईना, तेव्हा इथल्या पुजाऱ्यांनी भात शिजवून डावासकट पाठवला आणि ती उठून बसली. तिथून हे नाव देशभर गेलं आणि जाता जाता लोकांच्या तोंडात मोडून ओतामा झालं. आईचे आजोबा-पणजोबा सगळे डाव कोरणारे. गिऱ्हाइकाने ओतामा म्हटलं की ती म्हणायची, 'मोडकं नाव घेतलंत, मोडका डाव देऊ का?' आम्हीही तिच्यासमोर कधी ओतामा म्हटलं नाही."

"तुम्ही एकटेच का?" रित्सुबाईंनी विचारलं.

सेइजीने फडक्याची घडी घातली. उलगडलं. पुन्हा घडी घातली.

"बहीण होती. चिझुरु. माझ्याहून मोठी."

"वारल्या?"

"माहीत नाही. गाण्याचं वेड होतं तिला. बाबांनी कर्ज काढून नव्हे, पण पोटाला चिमटा घेऊन जुनी पायपेटी आणली तिच्यासाठी. आणि ती एका फिरत्या बँडवाल्याबरोबर निघून गेली. बाबा म्हणाले, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. आई शब्दाची पक्की. बाबा गेले त्यालाही बरीच वर्षं झाली, पण तिच्या तोंडून 'चिझुरु' पुन्हा कधी ऐकलं नाही."

"आणि पायपेटी?"

"आहे तशीच. वाजवणार कोण?"

एवढ्यात पडदा सारून सेइजीची बायको किमिए चहा घेऊन आली. सडपातळ, नीटनेटकी, डोळे सुजलेले. तिने पेले ठेवले आणि बसली ती गुडघ्यांवर हात घट्ट दाबून.

"तो जुना डाव," रित्सुबाई म्हणाल्या. "फार मोलाचा होता का हो?"

"मोल कसलं? लाकडाचा तुकडा." मग तिलाच ते पटलं नसावं. "आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल, बाई. ज्या बाईच्या हातात डाव, तिचं घर. सासू सुनेला डाव देते म्हणजे घर देते. मी लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली. आईंनी दिला नाही. दोन चुली झाल्या, आम्ही इथे दुकानामागे राहायला आलो, तरी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, आई, आज सूपमध्ये काय घालू? त्या म्हणायच्या, मुळा. की मुळा."

"रोज?"

"रोज. त्या दिवशी तेवढी गेले नाही. यात्रेकरूंची बस सकाळीच येणार होती, हे गेले होते लाकूड आणायला, दुकान मला एकटीला लावायचं होतं. टोमे-सान ओरडत आल्या तेव्हा कळलं. तशीच दवाखान्यात गेले. त्या घरात पाऊल टाकलं ते थेट अंत्यविधीच्या दिवशी."

"तुम्हाला शीना सरांचा संशय येतो?"

"मला कुणाचाच येत नाही. त्या पडल्या असतील. शेवटी शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, बाई. एकट्याच, आणि समोर दुसरं वाडगं मांडायच्या. लहान मुलाचं, लाल. त्यात सूप वाढलेलं. कुणासाठी? त्या घरात मूल नाही, या घरातही नाही. अशा माणसाचा तोल जायला कितीसा वेळ?"

सेइजीने बायकोकडे पाहिलं. तोगाशीला त्या लाल वाडग्याचं फार वाईट वाटलं. त्याच्या घरी बायकोचं वाडगं कपाटात तसंच पालथं होतं. मांडायचा धीर त्याला अजून झाला नव्हता.

*

आजींचं घर गल्लीच्या टोकाला. मागे खाचरं पाण्याने भरलेली आणि बेडकांचा एकच गिल्ला चाललेला. किल्ली टोमे-सानकडे होती. पासष्टीची ठेंगणी बाई, हात तोफूच्या पाण्याने सुरकुतलेले.

"या, या. पायताण तिथेच राहू द्या. अहो, मी रोज यायची. तीस वर्षं. एक तोफू अर्धा कापून. अर्धा माझा, अर्धा तिचा. आता अख्खा कापतच नाही. हात थांबतो."

स्वयंपाकघर खालच्या अंगाला, मातीच्या जमिनीचं. चुलीची दगडी कड धुऊन पुसलेली. वर आकडा रिकामा.

"त्या सकाळी तुम्ही नेमकं काय केलंत, टोमे-सान?" रित्सुबाईंनी विचारलं.

"पाहिलं, किंचाळले, दुकानाकडे धावले. गाडी आली, त्यांनी तिला नेलं. किमिएही गेली. मी मागे राहिले दार लावायला." टोमे-सान घुटमळली. "एक सांगू? रागावू नका. पोलीस यायच्या आत मी भांडी घासून ठेवली."

"कुठली भांडी?"

"न्याहारीची. पाटावर तशीच होती. एवढी टापटिपीची बाई, आणि परक्या पुरुषांनी तिची खरकटी बघायची? मला नाही बघवलं. पातेलं, तिचं काळं वाडगं आणि एक लाल वाडगं, एवढंसं. घासली, कपाटात घातली. घाबरून कुणाला बोलले नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

"लाल वाडगं रोज असायचं?"

"छे हो! तीस वर्षांत मी ते या घरात बघितलं नव्हतं. मी म्हणायची तिला, अगं, नवऱ्याच्या फोटोपुढे तरी एक वाडगं मांड, सोबत होईल. म्हणायची, मेलेल्याला मुळा चालत नाही."

रित्सुबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडून ते वाडगं पाहिलं आणि परत ठेवलं.

"शब्द तुम्ही स्वतः ऐकलात?"

"या कानांनी. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं ना. 'ओतामाजाकुशी,' म्हणाली. डोळे उघडे होते. रागाने नाही म्हणाली. लांब कुणी दिसल्यावर हाक मारतो ना आपण, तसं."

तोगाशी आपला इकडेतिकडे पाहत होता. तांदळाची लाकडी कोठी भिंतीपासून जराशी पुढे ओढलेली होती आणि कोठीच्या पायांपाशी जमिनीवर नवे ओरखडे होते. त्याने मागे डोकावलं. सगळी भिंत चुन्याने रंगवलेली, पण कोठीमागचा तुकडा सोडून दिला होता. तिथे कुणा पोराने कोळशाने चित्र काढलं होतं. आडवा ओढा, शेजारी शेजारी पाच रेघांचा, आणि त्यात पोहणारी बेडकाची पिल्लं, कुणी वर, कुणी खाली.

"बाई, इकडे बघा. शीना सरांच्या आधीही या घरात पिल्लांचं वेड होतं कुणाला तरी!"

रित्सुबाई आल्या, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. मग मागच्या खोलीत गेल्या. तिथे पायपेटी होती, वर जुनं कापड. कापडाच्या घड्यांत धूळ. रित्सुबाई खाली बसल्या आणि त्यांनी पायाने दाबायच्या पट्ट्यांवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

*

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी तागाच्या छोट्या स्टेशनापाशी थांबवायला सांगितली. तोगाशी बाकावर बसून डबा खाऊ लागला. बाई तिकीट तपासणाऱ्याशी बोलत होत्या, त्यातलं अर्धंमुर्धं त्याच्या कानावर आलं.

"...इथून जाणाऱ्या दहा माणसांत आठांच्या हातात डाव असतो, बाईसाहेब, कोण लक्षात ठेवणार? पण नवे डाव पांढरे असतात. त्या सकाळच्या बाईच्या गाठोड्यातून बाहेर आलेला दांडा काळा ठिक्कर होता. पोरगं धरावं तसं छातीशी धरलेलं. पहिल्या गाडीला. नागाहामाची गाडी कुठे बदलायची, विचारत होती."

गाडीत बसल्यावर तोगाशी म्हणाला, "म्हणजे चोर बाई आहे! तिनेच डाव पळवला आणि आजींना मारलं."

"चोर डाव छातीशी धरून नेईल?"

"मग?"

"मग उद्या नागाहामा," रित्सुबाई म्हणाल्या. "परक्या गावात एका बाईचा ठावठिकाणा काढायचा. माझा निम्मा धंदा तोच आहे."

नागाहामाला त्या एकट्याच हिंडल्या. तोगाशी दोन दिवस गाडीत बसून गावालगतच्या मोठ्या तळ्याकडे बघत राहिला.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी आजींच्या घरी सगळे जमले. सेइजी आणि किमिए शेजारी शेजारी, टोमे-सान कपाटाला टेकून, शीना दारापाशी, आणि तागाच्या ठाण्याचे फौजदार मुरासे, ज्यांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. मागच्या खोलीचं सरकतं दार बंद होतं.

"नाएमुरा-सान," मुरासे म्हणाले, "लग्नं जुळवायची सोडून हे कुठे मध्ये पडलात? मरणाऱ्या बाईने स्वतः सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ओतामाजाकुशी. आणि गावात त्या नावाचा माणूस एकच."

"गावाच्या तोंडी. आपण गावाचं ऐकत बसलो, आजींचं ऐकलंच नाही." रित्सुबाई पाटावर बसल्या. "शीना सर, तुमच्या पिल्लांना आजी काय म्हणायच्या?"

"बेडकाची पोरं."

"कधी ओतामाजाकुशी म्हणाल्या?"

शीनाने आठवून पाहिलं. "नाही. एकदाही नाही."

"म्हणजे पिल्लं नव्हेत आणि पिल्लांचे सरही नव्हेत. सेइजी-सान, आजी डावाला काय म्हणायच्या?"

"ओतागा-जाकुशी."

"आणि कुणी ओतामा म्हटलं तर हाकलायच्या. डाव कोरणाऱ्यांच्या घरात वाढलेली बाई, तिने शेवटच्या श्वासाला देवाच्या डावाचं नाव मोडलं असेल? म्हणजे डावही नव्हे. शब्दाला तीन अर्थ असतील, पण आजींच्या तोंडी त्यातला एकच उरतो. तोगाशी-सान, कोठीमागे तुम्हाला काय दिसलं होतं?"

"ओढा," तोगाशी म्हणाला. "पिल्लं पोहत होती."

"ओढ्याला रेघा किती?"

"पाच." आणि मग त्याचं त्यालाच उमगलं. त्याचे कान तापले. "गाण्याच्या खुणा! फळ्यावरच्या!"

"सगळी भिंत रंगवली, तेवढा तुकडा आईने राखला. पुढे कोठी लावली, वडिलांना दिसू नये म्हणून. लेकीचं नाव घ्यायला बंदी होती. आई शब्दाची पक्की. तिने दुसरं नाव धरलं."

सेइजीने तोंडावर हात ठेवला. "लहानपणी हाक मारायची तिला. 'अगं ए ओतामाजाकुशी, पुरे कर ती पेटी, जेवायला ये.' मी विसरूनच गेलो होतो."

"म्हणजे त्या बहिणीने मारलं?" मुरासे पुढे सरकले.

"मरणारं माणूस मारणाऱ्याचंच नाव घेतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? टोमे-सान म्हणाल्या, आजींनी हाक मारल्यासारखं म्हटलं. मला तेच खरं वाटतं. चिझुरु आदल्या संध्याकाळी इथे आली होती. पायपेटीच्या पट्ट्यांवर धूळ नाही, सरांनी आवाज ऐकला होता. कोठी पुढे ओढून दोघींनी ती भिंत पाहिली, जमिनीवर ओरखडे आहेत. रात्री ती इथेच राहिली. सकाळी आईने तिचं लहानपणचं लाल वाडगं काढून सूप वाढलं, आणि तो काळा डाव आपल्या हाताने तिला दिला. पहिल्या गाडीने ती गेली. स्टेशनवर तिला पाहणारा माणूस आहे."

"मग आजी पडल्या कशा?"

"चिझुरु गेली आणि टोमे-सान आल्या, यांच्यामध्ये इथे आणखी कुणीतरी येऊन गेलं." रित्सुबाईंचा आवाज आणखी खाली आला. "टोमे-सान, लाल वाडगं कपाटाबाहेर कधी होतं?"

"त्या एका सकाळी. पोलीस यायच्या आत मी ते आत घातलं. देवाशपथ, तुमच्याशिवाय कुणाला बोलले नाही."

"तीस वर्षांत एकदाच ते वाडगं सुपाने भरून पाटावर आलं. ते पाहायचं तर त्याच सकाळी, टोमे-सानच्या आधी, इथे उभं राहायला हवं. किमिए-सान, तुम्ही तर त्या सकाळी आलाच नव्हता. मग तुम्ही ते कुठे पाहिलंत?"

मागच्या खाचरांतले बेडूक तेवढे ओरडत राहिले.

सेइजी म्हणाला, "अगं, सांग ना. आधी कधीतरी पाहिलं असशील."

किमिए नवऱ्याकडे न बघता बोलू लागली. "बस यायच्या आधी विचारून येऊ म्हटलं. सूपमध्ये काय घालू, एवढंच. आकडा रिकामा दिसला. म्हटलं, आई, डाव कुठे? म्हणाल्या, दिला. कुणाला? म्हणाल्या, जिचा होता तिला. बावीस वर्षं, आणि जिचा होता तिला! मी खांदे धरून त्यांना हलवलं. किती हलक्या होत्या. सोडलं, तर गेल्याच मागे."

"आणि निघून गेलात," मुरासे म्हणाले.

"मला वाटलं, गेल्या. मग बस आली." ती हाताच्या पंज्यांकडे पाहत होती. "मी दुकान उघडलं आणि डाव विकत बसले."

शीना दाराशी होता तो बाहेर जाऊन उभा राहिला. 

मग मागच्या खोलीचं दार सरकलं. एक पन्नाशीची बाई गाठोडं घेऊन उभी होती. नागाहामाला सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ती मुलांना पेटी शिकवायची. आई गेल्याचं तिला रित्सुबाईंनीच सांगितलं होतं. सेइजी उठला, पण पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

चिझुरु किमिएसमोर बसली. या दोघींनी एकमेकींना आयुष्यात प्रथमच पाहिलं.

"मी आईला विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, हा भावजयीचा. तिला का नाही दिलास? म्हणाली, भीती वाटते गं. डाव दिला की ती रोज सकाळी विचारायला कशाला येईल? दिवसभरात घरात येणारं तेवढं एकच माणूस माझं."

किमिएने मान वर केली.

"पण आता ठरवलंय, म्हणाली. ही चूल बंद करते. आज दुपारी दुकानात जाऊन सांगते, आजपासून तुझ्या हातचं खाणार. हा काळा डाव तिच्या गळ्यात कशाला? तुझ्या रिकाम्या घराला असू दे. तिला याची गरज नाही, तिचं सूप माझ्यापेक्षा चांगलं होतं."

"असं म्हणाल्या?" किमिएने विचारलं. "चांगलं होतं म्हणाल्या?"

"हो. मीठ तेवढं कमी घालते, म्हणाली."

किमिएच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. ती पुढे वाकली आणि कपाळ मातीला टेकेपर्यंत वाकतच गेली. मुरासे काहीतरी बोलणार होते, रित्सुबाईंनी हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने किमिए आपण होऊन उठली, पदरासारखा गुंडाळलेला ॲप्रन सोडून टोमे-सानच्या हातात दिला, आणि फौजदारांच्या पुढे चालू लागली. सेइजी अनवाणीच तिच्यामागे गेला.

*

शीना सरांनी बदलीचा अर्ज केला. गावाने त्यांची माफी मागितली नाही, नुसतं त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं.

तोगाशी गाडी चालवत होता. ऊन उतरलं होतं. तो म्हणाला, "बाई, एक विचारू? आजींनी दोनदा तोंड उघडलं. सुनेचं नाव घ्यायला वेळ होता."

"होता."

"मग घेतलं का नाही?"

"ते मला सांगता येणार नाही. ते फक्त आजींना ठाऊक."

आणखी थोडा रस्ता गेला. "आणि ते शेवटचं, चिझुरु-सानने सांगितलेलं. तुम्ही तिला गप्प बसायला सांगू शकला असता. गुन्हा तर कबूल झाला होता. ते ऐकून त्या बाईला आता जन्मभर झोप लागायची नाही."

रित्सुबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तिला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, तोगाशी-सान, की तिचं सूप चांगलं होतं. ती तुरुंगात जाणार आहे. ते न ऐकता जायला हवं होतं तिने?"

तोगाशीने रस्त्याकडेच्या पाटीकडे पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की हिकोनेचं वळण मागेच राहिलं आणि गाडी तळ्याच्या काठाने उत्तरेला निघाली आहे. इतकी वर्षं बस चालवून त्याचं वळण कधी चुकलं नव्हतं. तो कुठे मागे फिरता येईल ते बघू लागला.

"राहू द्या," रित्सुबाई म्हणाल्या. "घरी जाऊन तरी काय करायचंय?"

त्याने गाडी तशीच पुढे जाऊ दिली.